शिल्पकार करमरकर: पुण्याचा अश्वारूढ पुतळा आणि सासवण्यातली म्हैस

आज आपण विनायक पांडुरंग करमरकर या शिल्पकाराविषयी बोलणार आहोत. नानासाहेब करमरकर म्हणून त्यांना ओळखत. जन्म १८९१, मृत्यू १९६७. नाव ऐकलेलं असेल, नसेलही. पण पुण्यातल्या शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असणार. तो त्यांचा.

चित्रकाराचं चरित्र सांगणं त्या मानानं सोपं असतं. कागद आणि रंग घरात असले की चित्रकार मध्यरात्रीही उठून मनातलं काम करू शकतो. शिल्पकाराचं तसं नाही. माती स्वस्त आहे, पण माती वाळते, तडकते. तिचा साचा घ्यायचा, प्लास्टर ओतायचं, मग संगमरवर किंवा ब्राँझ. दर पायरीला पैसा लागतो, जागा लागते, माणसं लागतात. आठ टन ब्राँझचा पुतळा कुणी हौसेखातर घरी करत नाही. म्हणून शिल्पकाराच्या आयुष्याविषयी आम्ही नेहमी एक प्रश्न आधी विचारतो: याचे पैसे कुणी दिले? करमरकरांच्या बाबतीत त्याच्या जोडीला दुसराही विचारावा लागतो. कुणीच पैसे देत नव्हतं तेव्हा या माणसानं काय घडवलं? त्याचं उत्तर अलिबागजवळच्या सासवणे गावात आहे. पण तिथे पोचायला आपल्याला थोडं मागून निघावं लागेल.

१८९६ साली चला. करमरकर तेव्हा पाच वर्षांचे. त्या वर्षी टिळकांच्या प्रेरणेनं रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. त्याच वर्षी मुंबईत दामोदर चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं. हा पुतळा संगमरवरी, मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकारानं केलेला, विलायतेहून आणलेला. मुंबईचे त्या काळातले मानाचे पुतळे बहुतेक असेच बोटीतून यायचे. काळा घोडा हे नाव ज्यावरून पडलं तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळाही बोहम या लंडनच्या शिल्पकाराचा. म्हणजे पुतळा हा प्रकारच साहेबाचा. राजा त्यांचा, दगड त्यांचा, हातही त्यांचाच. आपल्याकडे मूर्ती होत्या, देवळं होती, पण हयात किंवा नुकत्याच गेलेल्या माणसाचा हुबेहूब पुतळा करून चौकात उभा करायचा ही रीत आपली नव्हे. ती इंग्रजांबरोबर आली आणि आज आपल्याइतकी हौस इंग्रजांनाही उरलेली नाही, ते सोडा.

तर याच १८९६ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गणपतराव म्हात्रे नावाच्या जेमतेम विशीतल्या विद्यार्थ्यानं प्लास्टरमध्ये एक पूर्णाकृती पुतळा केला. नऊवारी नेसलेली, देवळाकडे निघालेली एक तरुणी. ‘मंदिरपथगामिनी’. राणी नव्हे, गव्हर्नरीण नव्हे, आपल्या आळीतून सकाळी जाताना दिसेल अशी बाई. त्या नऊवारीच्या चुण्या म्हात्र्यांनी अशा घडवल्या की युरोपीय पद्धतीचं शिक्षण आणि मराठी नजर यांचं भांडणच मिटल्यासारखं वाटतं. या कामाचं नाव मुंबईबाहेर पोचलं. दूर बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याच्यावर लेख लिहिला.

आणि पुढे काय झालं? म्हात्र्यांना काम भरपूर मिळालं. रावबहादूर झाले. मुंबईतला न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळा त्यांचा. अहमदाबादची व्हिक्टोरिया त्यांची. गेटवे ऑफ इंडियाजवळ उभा असलेला पंचम जॉर्जही त्यांचा. १९६१ मध्ये त्या परिसरात शिवाजी महाराजांचा पुतळा आला आणि जॉर्ज सरकारी शेडमध्ये गेला. कामात खोट नव्हती. पण आज म्हात्र्यांचं नाव निघतं तेव्हा रानडे किंवा जॉर्ज आठवत नाहीत. विद्यार्थी असताना, गिऱ्हाईक नसताना केलेली ती प्लास्टरची बाई आठवते. हे लक्षात ठेवा, कारण करमरकरांना हा रस्ता पुढे दिसतच होता.

आता सासवणे. मांडवा बंदरात उतरून अलिबागच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात हे गाव लागतं. समुद्र, नारळी-पोफळी, कोळीवस्ती, पलीकडे पाण्यापार मुंबई. करमरकरांचं घर इथलं. घरात गणपती घडवण्याची रीत होती असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पेणपासून अलिबागपर्यंतच्या या पट्ट्यात शाडूच्या मातीत हात न घातलेला मुलगा सापडणं कठीण. मुलगा चित्रंही काढायचा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यानं घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असताना त्यांनी ते पाहिलं, चौकशी केली आणि मुलाला जे. जे. स्कूलमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली.

ही गोष्ट करमरकरांविषयी लिहिताना सगळे सांगतात आणि पुढे जातात. आम्हाला तिथे जरा थांबावंसं वाटतं. शिवाजी महाराजांचं चित्र ही त्या दिवसांत निरुपद्रवी वस्तू नव्हती. रायगडाचा उत्सव होऊन काही वर्षंच झालेली, आणि रायगड याच कुलाबा जिल्ह्यात. दुसरा एखादा अंमलदार असता तर ते चित्र कुणी आणि कशासाठी काढलं याची वेगळी चौकशी झाली असती. रॉथफील्ड मात्र चित्रांचा रसिक माणूस. पुढे १९२० मध्ये त्यानं भारतातल्या स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं रावबहादूर धुरंधरांची. राजवट कशीही असो, तिच्यातल्या एका माणसाची नजर कुठे थांबते यावर एखाद्या मुलाचं आयुष्य कसं वळतं, त्याचं हे उदाहरण. चांगलं म्हणा, वाईट म्हणा. गावातल्या दुसऱ्या भिंतींवर काढणारी मुलं नव्हती असं थोडंच आहे? तिथे कलेक्टर थांबला नाही, एवढंच.

जे. जे.मधलं शिक्षण संपवून करमरकर काही वर्षांतच कलकत्त्याला गेले. बोलावणारे सुरेंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे पुतणे. हा संबंध आकाशातून पडलेला नाही. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस, आणि त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्याला ते न्यायाधीश होते. ठाकुरांच्या घरात महाराष्ट्राची ये-जा जुनी. कलकत्त्यात करमरकरांनी स्टुडिओ थाटला, नावलौकिक मिळवला. १९२० च्या सुमारास लंडनला रॉयल अकादमीत शिकायला गेले, युरोपातली संग्रहालयं आणि ओतकामाचे कारखाने पाहिले आणि परत आले. हा काळ आपण भरभर ओलांडू, कारण त्यातून जे मिळालं ते पुढच्या एकाच प्रसंगात पणाला लागलं.

तो प्रसंग म्हणजे पुण्याचा पुतळा.

पुण्यात महाराजांचं भव्य स्मारक व्हावं ही खटपट कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते भांबुर्ड्याला पायाभरणी झाली. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर. दिवस कसले होते पहा: असहकाराची चळवळ भरात, राजपुत्राच्या दौऱ्यावर बहिष्कार, तो मुंबईत उतरला त्या दिवशी दंगल पेटलेली. त्याच आठवड्यात पुण्यात त्याच राजपुत्राच्या हातून शिवस्मारकाचा पाया. टिळकांच्या परंपरेतले शिवाजी महाराज, सत्यशोधकांचे शिवाजी महाराज आणि मराठा संस्थानिकांचे शिवाजी महाराज असे तीन प्रवाह त्या वेळी एकमेकांना छेद देत होते, आणि महाराज आपले हे प्रत्येकाला ठासून सांगायचं होतं. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. काम रेंगाळलं. राजाराम महाराजांच्या काळात ते तडीला गेलं आणि पुतळा घडवण्याची जबाबदारी आली करमरकरांवर.

आता जरा कारखान्यात जाऊ, कारण पुतळा म्हणजे काय काम असतं हे कळल्याशिवाय या माणसानं काय धाडस केलं ते कळणार नाही.

अश्वारूढ पुतळ्यात सगळं वजन घोड्याच्या पायांवर येतं. जिवंत घोडा आपलं ओझं सतत इकडून तिकडे सरकवत असतो. पुतळ्यातला घोडा एकाच क्षणात गोठलेला असतो आणि त्या क्षणावर त्याला शंभर-दोनशे वर्षं उभं राहायचं असतं. आधी लोखंडी सळ्या आणि तारांचा सांगाडा उभारायचा, त्यावर माती चढवायची. साडेतेरा फुटांच्या आसपास उंची म्हणजे शिडीवर चढून काम, आणि वर केलेला एक टवका खालून कसा दिसतो ते पाहायला पुन्हा खाली. माती सतत ओली ठेवायची. मग प्लास्टरचे साचे. मग ओतकाम.

एवढा मोठा पुतळा बहुधा तुकड्यातुकड्यांत ओततात. डोकं वेगळं, धड वेगळं, घोड्याचे पाय वेगळे, आणि मग सांधे जोडून, घासून, रंग मिळवून एक करतात. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. करमरकरांचा पुतळा एकसंध ओतला गेला. हे काम झालं मुंबईत, माझगाव डॉकमध्ये. विलायतेत नव्हे. जहाजांची डागडुजी करणाऱ्या, जाडजूड यंत्रांचे भाग ओतणाऱ्या ठिकाणी. हजार अंशांच्या आसपास तापलेला रस साच्यात सोडायचा. तो कुठे थांबला, कुठे हवा कोंडली, साचा ओलसर राहिला, तर आत काय झालं ते बाहेरून कळत नाही. साचा फोडल्यावरच कळतं. आठ टनांच्या घरातलं ओतकाम फसलं असतं तर एका तुकड्यावर भागलं नसतं, महिन्यांची मेहनत भंगारात गेली असती. आणि नुसती मेहनत नव्हे: समारंभाची तयारी चाललेली, गव्हर्नर येणार, संस्थानिक येणार.

ते फसलं नाही. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. करमरकर तेव्हा छत्तीस वर्षांचे. त्याच आठवड्यांत याच गव्हर्नरच्या इलाख्यात बारडोलीचा सत्याग्रह चालू होता, शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गुरं जप्त होत होती. इकडे रयतेच्या राजाचा पुतळा उघडायचा, तिकडे रयतेची म्हैस जप्त करायची. इतिहासात असे योग येतात. आपण फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

या पुतळ्यानं एक गोष्ट कायमची बदलली. एवढं मोठं ओतकाम विलायतेलाच होतं, हा समज मोडला. आराखडा, मातीकाम, ओतकाम, सगळं इथे, इथल्या माणसानं केलेलं. आज आपल्याकडे गावोगाव अश्वारूढ पुतळे आहेत. त्यातले कित्येक घाईत केलेले, घोडा गाढवासारखा आणि महाराज नाटकातल्यासारखे. अशा वेळी पुण्याचा हा पुतळा जाऊन पाहावा. घोड्याच्या मानेचा ताण आणि स्वाराची मांड यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते तिथे समजतं.

आता इथून एखाद्याची गाडी म्हात्र्यांच्याच रुळावर गेली असती. नाव झालं, गिऱ्हाईक दारात. करमरकरांनीही मागणीची कामं केली, आयुष्यभर केली. पोट त्यावरच होतं. पुढारी, संस्थानिक, दानशूर शेठ, पुतळे आणि अर्धपुतळे. त्यात कमीपणा नाही. पण त्यांनी दुसरा एक संसार शेजारी चालू ठेवला, आणि तो सासवण्यात.

त्यांच्या घराच्या आवारात आज जे शिल्पालय आहे तिथे तुम्ही गेलात तर आधी अंगणात म्हैस दिसेल. लोक खरंच दचकतात. ती सिमेंटची आहे. तिच्या कातडीवरचं ढिलेपण, बसल्यावर पोटाला पडणारा घोळ, सगळं सिमेंटमध्ये. आत कोळी बायका आहेत, ‘मत्स्यगंधा’ आहे, हमाल आहे, गावातली, घरातली, शेजारची माणसं आहेत. शंभराहून जास्त शिल्पं. यांतल्या बहुतेकांना कुणी पैसे दिलेले नाहीत. कोळणीचा पुतळा कोण मागवणार? हमालाच्या पुतळ्याचं अनावरण करायला कोणता गव्हर्नर येणार?

सिमेंट का, याचं साधं उत्तर आहे. परवडतं म्हणून. संगमरवर महाग, ब्राँझ त्याहून महाग. सिमेंट गवंड्याकडे मिळतं. पण करमरकरांनी ते गवंड्याच्या पद्धतीनं वापरलं नाही. सिमेंट हा चंचल माल आहे. ओलं असताना हवं तसं वळतं, पण वेळ फार थोडा देतं. एकदा धरलं की मग कोरणं जवळपास अशक्य. मातीत आठवडाभर गालाच्या एका उंचवट्याशी झगडता येतं, सिमेंटमध्ये नाही. तरी या माणसानं त्यातून अंगावरचं ओलं लुगडं, ताणलेली शीर आणि जनावराची कातडी काढली. पुण्याच्या पुतळ्यामागे जेवढी नजर होती तेवढीच या म्हशीमागे आहे. आमच्या मते करमरकरांची खरी उंची इथे मोजावी. राजासाठी राखून ठेवलेली वेगळी मेहनत आणि कोळणीसाठी वेगळी, असा भेद त्यांच्या हातात नव्हता.

इथे एक तुलना करायलाच हवी. साधारण त्याच काळात शांतिनिकेतनात रामकिंकर बैज काम करत होते. १९३८ मध्ये त्यांनी ‘संथाल कुटुंब’ केलं. एक संथाल पुरुष, बाई, मुलं, कुत्रं, बिऱ्हाड खांद्यावर घेऊन चाललेली. माल तोच: सिमेंट, तिथल्या लाल खडीत मिसळलेलं. विषय तोच: कुणी पुतळा मागवणार नाही अशी माणसं. रामकिंकरांना आज भारतीय आधुनिक शिल्पकलेचे प्रवर्तक मानतात आणि ते रास्त आहे. करमरकर मात्र कलेच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात येतात, आणि सासवणे ‘अलिबागजवळची प्रेक्षणीय स्थळं’ या यादीत.

का? फरक खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. रामकिंकरांनी सिमेंटला सिमेंट राहू दिलं. खडबडीत, थापलेलं, ओबडधोबड. मालाचा स्वभाव आणि माणसांचं जिणं त्यांनी एक केलं. करमरकरांनी सिमेंटला कातडी व्हायला लावलं, कापड व्हायला लावलं. त्यांचं शिक्षण हुबेहूबपणाचं, जे. जे. आणि रॉयल अकादमीचं, आणि त्यावर त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या तरुण शिल्पकारांना हुबेहूबपणा हाच परकेपणाचा वारसा वाटू लागला. तो आक्षेप समजण्यासारखा आहे. त्यामुळे करमरकरांना ओढूनताणून आधुनिक ठरवायची आमची इच्छा नाही. ते आधुनिक नव्हते. पण कोण पुतळ्याच्या लायकीचं आहे या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर रामकिंकरांच्या उत्तराहून फार दूर नाही. पद्धत जुनी असली की माणूस काय म्हणत होता तेही जुनं मानायचं, ही आपल्या कलासमीक्षेची एक वाईट खोड आहे.

मराठी घरात आणखी एक अडचण असते. ‘अगदी खरं वाटतं हो!’ ही आपली सर्वांत मोठी दाद, आणि ती दिली की आपण पुढच्या दालनात जातो. सासवण्याला गेलात तर म्हशीजवळ तेवढ्यावर थांबू नका. ती खरी वाटते हे पहिल्या क्षणी कळतं. मग बाजूला होऊन पाहा, शिल्पकारानं काय गाळलं आहे. प्रत्येक केस नाही, प्रत्येक सुरकुती नाही. वजन कुठे पडतं तेवढं मात्र अचूक धरलं आहे. पुण्याच्या घोड्यात जे गणित होतं तेच.

१९६२ मध्ये करमरकरांना पद्मश्री मिळाली. १९६७ मध्ये ते गेले. घर आणि शिल्पं त्यांच्या कुटुंबीयांनी सांभाळली, लोकांसाठी खुली केली. हे सांभाळणं म्हणजे काय तेही सांगतो. सिमेंटच्या शिल्पाच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. कोकणातला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. बारीक चीर गेली की पाणी आत, सळी गंजते, गंज फुगतो आणि वरचं सिमेंट ढलप्यांनी सुटतं. ब्राँझवर हिरवट थर चढतो, तो उलट धातूला सांभाळतो. सिमेंटला असं कवच नाही. चौकातल्या पुतळ्याची निगा राखायला महापालिका असते, जयंतीला धुवायला, हार घालायला माणसं असतात. कोळणीला आणि हमालाला ती सोय नाही. त्यांच्यासाठी दर पावसाळ्याआधी कुणीतरी घरचंच माणूस चिरा शोधत फिरतं.

वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ. पुढच्या वेळी आपण याच पिढीतल्या बाळाजी वसंत तालीम यांच्याकडे वळू. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती, १९५४ सालची, ती त्यांची. जे. जे. स्कूलमध्ये व्यक्तिशिल्प शिकलेल्या हातानं घडवलेला पुतळा रोज हजारोंच्या पूजेची मूर्ती कसा झाला, तो विषय मोठा आहे, म्हणून आज त्याला हात लावत नाही.